नाकारलेल्या फ्रेम्सचा हिशेब

दुर्बिणीला डोळा लावलेल्या पाहुण्याला "दिसलं का?" असं विचारलं, तर तो कधीच "नाही" म्हणत नाही. पुण्यातला पाहुणासुद्धा म्हणत नाही, यावरून काय ते समजा. सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी चार वर्षं लोकांना चंद्र, गुरू, शनी दाखवत आले. शनीची कडी दिसली की तोंडातून "अय्या!" निघतं, ते खरं असतं. देवयानी दीर्घिका दाखवली की मात्र "हो हो, दिसली, छान आहे" असं, पंगतीत मठ्ठ्याबद्दल बोलावं तसं बोलतात. खरं बोलल्या त्या एकट्या सासूबाई. नेत्रिकेशी, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाशी, अर्धा मिनिट वाकून त्या म्हणाल्या, "अगं, काच पुसलीस का? मला नुसतं धुकं दिसतंय."

ते धुकं म्हणजेच देवयानी होती. 25 लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश वगैरे सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, कंबर धरली आणि खाली निघून गेल्या.

लाइव्ह स्टॅकिंगच्या वाटेला मी गेले ती त्या रात्रीनंतर. कल्पना सोपी आहे. नेत्रिका काढायची, तिच्या जागी कॅमेरा बसवायचा आणि एकच लांब फोटो घेण्याऐवजी दहा-दहा सेकंदांचे पुष्कळ फोटो घ्यायचे. प्रत्येक नवी फ्रेम, म्हणजे असा एकेक फोटो, आली की संगणक तिच्यातले तारे शोधतो, ताऱ्यांचे त्रिकोण आधीच्या फ्रेममधल्या त्रिकोणांशी जुळवतो, लागेल तेवढी फ्रेम सरकवतो, फिरवतो आणि आधीच्या सरासरीत मिसळतो. तारे आणि दीर्घिका दर वेळी त्याच जागी येतात. चित्रातला रवाळपणा मात्र प्रत्येक फ्रेममध्ये वेगळा पडतो, म्हणून तो सरासरीत विरत जातो. चार फ्रेम्सना तो निम्मा होतो, शंभरांना दहावा हिस्सा उरतो. शंभराच्या दोनशे केल्या तर मात्र फायदा दीडपटही नाही, त्यामुळे गच्चीवर पहाटेपर्यंत बसायची गरज नसते. पडद्यावर आधी काळपट पाटी दिसते, मग एक डाग, मग डागाला आकार, मग आकाराला हात फुटतात. पाहुणे शेजारी उभे असताना हे घडतं, हीच त्यातली गंमत. रात्रभर फोटो घेऊन दुसऱ्या दिवशी प्रक्रिया करणारे लोक याहून कितीतरी देखणी चित्रं काढतात. पण ती दुसऱ्या दिवशी!

माझ्याकडची सामग्री सांगते, कारण निवडीचा निम्मा निकाल तिथेच लागला. सहा इंची न्यूटोनियन, म्हणजे 150 मिलिमीटर आरसा आणि 750 मिलिमीटर नाभीय अंतर. मोटर लावलेलं विषुववृत्तीय माउंट, म्हणजे आकाश फिरेल तशी दुर्बीण वळवत ठेवणारा आधार. नवऱ्याचा जुना कॅनन डीएसएलआर. आठ जीबी मेमरीचा, विंडोज असलेला लॅपटॉप, जो भावानं टाकून दिला म्हणून माझ्याकडे आला. आणि वर्षभरानं एका हौशी मित्राकडून घेतलेला वापरलेला झेडडब्ल्यूओ कंपनीचा एएसआय 224 कॅमेरा. या कॅमेऱ्याचा सेन्सर आपल्या करंगळीच्या नखापेक्षाही लहान आहे. माझ्या दुर्बिणीवर त्याला आकाशाचा जेमतेम 22 बाय 17 कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) तुकडा दिसतो, चंद्रबिंबसुद्धा अख्खं मावत नाही. पण तो अंधारात फार संवेदनशील आहे आणि त्याचा स्वतःचा गोंगाट, म्हणजे तो रवाळपणा, अगदी कमी आहे.

आधी कॅनननं करून पाहिलं. पहिली अडचण म्हणजे न्यूटोनियनवर डीएसएलआर फोकसलाच येईना. मुख्य आरसा नळीत पुढे सरकवावा लागला, त्यात दोन रविवार गेले. नंतर कळलं की डीएसएलआरसाठी बरेचसे प्रोग्रॅम एकाच पद्धतीनं चालतात: कॅमेरा एका फोल्डरमध्ये फोटो टाकत जातो आणि प्रोग्रॅम त्या फोल्डरवर डोळा ठेवून असतो. डीपस्कायस्टॅकरबरोबर येणारं डीपस्कायस्टॅकर लाइव्ह हे या घराण्यातलं जुनं नाव. त्याच्याच इंजिनावर बेतलेलं अ‍ॅस्ट्रोटोस्टर. सिरिल हा मुळात नंतरच्या प्रक्रियेसाठीचा मुक्त प्रोग्रॅम, पण 2023 मधल्या 1.2 आवृत्तीपासून त्यातही लाइव्ह स्टॅकिंग आलं, आणि तो लिनक्स, मॅक, विंडोज तिन्हींवर चालतो. पाचही पैसे न मोजता हे सगळं वापरता येतं. माझं घोडं अडलं ते लॅपटॉपवर. कॅननची एक फ्रेम 1 कोटी 80 लाख पिक्सेलची. दहा सेकंदांनी पुढची फ्रेम हजर, पण आधीचीच अजून जुळते आहे. पंधरा मिनिटांनी बघावं तर फोल्डरमध्ये पन्नास-साठ फ्रेम्स खोळंबलेल्या, एसटी स्टँडावर गणपतीच्या आदल्या दिवशी माणसं असतात तशा. एएसआय 224 ची फ्रेम पावणेतेरा लाख पिक्सेलची. तिला तोच लॅपटॉप चुटकीसरशी वाट करून देत होता. तेव्हा कॅनन नवऱ्याला परत केला.

आता खगोलकॅमेऱ्याचा प्रोग्रॅम निवडायचा. इथे सल्ल्यांना तोटा नव्हता. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून आहे, तेव्हा या शहरात आकाशाबद्दल मत असलेला माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. एकानं सांगितलं, "कॅमेरा झेडडब्ल्यूओचा आहे ना, मग त्यांचंच एएसआय लाइव्ह घे, फुकट आहे, तीन बटणं आहेत." दुसरा म्हणाला, "शार्पकॅपशिवाय दुसरं बघूच नकोस." तिसऱ्याकडे मॅक होता, त्यामुळे त्याला शार्पकॅप नकोच होतं, ते फक्त विंडोजवर चालतं. तो जॉक्युलरच्या प्रेमात होता, कारण त्यात एखादी फ्रेम आत गेल्यानंतरसुद्धा बाहेर काढता येते आणि उरलेल्यांची सरासरी पुन्हा बसते. प्रत्येकाचं म्हणणं पटण्यासारखं होतं. वैशिष्ट्यांचे तक्ते शेजारी शेजारी ठेवून वाचले की सगळेच प्रोग्रॅम सारखे गुणी दिसतात. स्थळं बघताना पत्रिकेवरून दिसतात तसे.

माझा पेशा हिशेबतपासणीचा. एखाद्या कंपनीची पद्धत चोख आहे की नाही हे तपासायला आम्ही कधीकधी एक युक्ती करतो: चुकीचं आहे हे आपल्याला माहीत असलेलं एखादं व्हाउचर मुद्दाम त्या पद्धतीतून जाऊ द्यायचं आणि ते कुठे अडतं ते बघायचं. अडलं नाही तर पुढचं सगळं संशयास्पद. म्हटलं, इथेही तेच करू.

जानेवारीतल्या एका थंड रात्री मृगातल्या तेजोमेघाच्या दहा-दहा सेकंदांच्या 120 फ्रेम्स घेऊन साठवल्या. त्यातल्या बऱ्याचशा चांगल्या होत्या. पण मी मुद्दाम काही बिघडवल्या. सहा वेळा माउंटच्या पायाला हलकेच टिचकी मारली, तारे वाकडे होतील इतपत. विरळ ढग सरकत होता तेव्हा न थांबता दहा फ्रेम्स घेतल्या. लोहगावकडे उतरणारं एक विमान आपणहून चौकटीतून गेलं, त्याचे आभार. चार फ्रेम्सना फोकस थोडा ढिला केला. कुठल्या क्रमांकाच्या फ्रेममध्ये काय खोट आहे याची यादी वहीत लिहून ठेवली. आठवीतल्या लेकानं एक छोटासा प्रोग्रॅम लिहून दिला, जो दर दहा सेकंदांनी या ढिगातली पुढची फ्रेम उचलून एका फोल्डरमध्ये टाकत राहील. म्हणजे घरात, कपात चहा घेऊन, तीच रात्र पुन्हा पुन्हा जगता येईल आणि प्रत्येक प्रोग्रॅमला हुबेहूब तीच परीक्षा देता येईल. शार्पकॅपमध्येही फोल्डरला कॅमेरा समजून त्यातल्या फ्रेम्स घेण्याची सोय आहे, त्यामुळे त्यालाही याच बाकावर बसवता आलं. एएसआय लाइव्हला थेट कॅमेराच लागतो, म्हणून त्याची तोंडी परीक्षा गच्चीवर घेतली.

ही युक्ती मला या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात उपयोगाची वाटते. एरवी लोक एका रात्री एक प्रोग्रॅम वापरतात, दुसऱ्या रात्री दुसरा, आणि मग सांगतात की दुसरा सरस. पण दुसऱ्या रात्री हवा स्थिर होती, चंद्र मावळला होता आणि माउंट जास्त नीट लावलं होतं, हे कोण धरणार?

निकाल गमतीचे लागले. कुणाचा कुठला ते सांगत नाही, कारण प्रत्येकाच्या सेटिंग्ज मी अचूक ठेवल्या होत्या असं शपथेवर सांगता येणार नाही. एकानं 120 पैकी 120 फ्रेम्स घेतल्या. विमानासकट, टिचकीसकट, ढगासकट. एकानं 31 नाकारल्या. माझ्या यादीत खोट असलेल्या होत्या त्याहून जास्त, आणि का नाकारल्या त्याबद्दल एक अक्षर नाही. एकात तेजोमेघ गुलाबी यायचा तो हिरवट-निळा आला आणि मी अर्धा तास प्रोग्रॅमला दोष देत बसले; सेन्सरवरच्या रंगीत गाळण्यांचा क्रम मीच चुकीचा निवडला होता. चित्रं मात्र शेवटी सगळ्यांचीच बरी आली. मृगाचा तेजोमेघ इतका तेजस्वी आहे की त्याच्या बाबतीत कुणीही पास होतं. शंभर फ्रेम्सच्या सरासरीत दहा-वीस वाईट मिसळल्या तरी डोळ्याला पटकन कळत नाही.

आणि इथे मी चुकले. वही बाजूला ठेवली आणि ज्याचं चित्र सगळ्यात झटपट, सगळ्यात सुबक दिसलं, तो प्रोग्रॅम निवडला. एवढी वर्षं लोकांना "ताळेबंद देखणा असला म्हणजे खरा असतो असं नाही" हे ऐकवणारी मी.

फेब्रुवारी-मार्च सुरळीत गेले. खालच्या मजल्यावरच्या काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर चित्रं टाकली, गच्चीच्या किल्लीसाठी सेक्रेटरींच्या मिनतवाऱ्या करणं बंद झालं. एप्रिलच्या मध्यावर मात्र भोवरा दीर्घिका दाखवायचा बेत केला. श्यामशबल तारकासमूहातली ही दीर्घिका मध्यरात्रीच्या सुमारास पुण्याहून चांगली साठ अंशांवर येते, आणि तिचे वळलेले हात म्हणजे दीर्घिका या शब्दाचं पाठ्यपुस्तकातलं चित्र. मी सासूबाईंना खास वर बोलावलं. खुर्ची आणली, पाण्याची बाटली ठेवली. काका-काकू आले, त्यांचा नातू आला.

फ्रेम्स सुरू झाल्या. आकडा चढत गेला: दहा, वीस, चाळीस. नाकारलेल्या शून्य. मला केवढं बरं वाटलं! पडद्यावर मात्र दीर्घिकेच्या जागी एक तिरका फराटा, आणि प्रत्येक तारा तांदळाच्या दाण्यासारखा लांबट. साठाव्या फ्रेमला तर दाण्यांच्या शेवया झाल्या.

"हे काय गं," सासूबाई म्हणाल्या, "कुणी बोटानं पुसलंय का?"

काकू म्हणाल्या, "छान आहे हो." मठ्ठाच.

त्या रात्री सगळे गेल्यावर मी कडेला दिवा लावून बसले. प्रोग्रॅम म्हणतोय साठपैकी साठ जुळल्या. चित्र म्हणतंय एकही जुळली नाही. दोन्ही खरं कसं असेल? साठ फ्रेम्स एकेक करून मोठ्या केल्या तेव्हा उलगडलं. प्रत्येक फ्रेममध्ये पांढरे, लाल, निळे ठिपके शिंपडलेले होते, आणि ते ठिपके पहिल्या फ्रेमपासून साठाव्यापर्यंत तसूभर हलले नव्हते. तारे हलले होते. ते ठिपके म्हणजे सेन्सरवरचे तापट पिक्सेल, हॉट पिक्सेल. प्रोग्रॅमनं त्यांनाच तारे समजून त्यांचे त्रिकोण जुळवले. ते जागचे हलत नाहीत, म्हणजे फ्रेम सरकवायची गरजच नाही. सगळ्या फ्रेम्स तंतोतंत जुळल्या!

जानेवारीत हे का झालं नाही, याचं कारण थर्मामीटरमध्ये होतं. माझ्या कॅमेऱ्याला शीतकरण नाही. सेन्सरचं तापमान साधारण सहा-सात अंशांनी वाढलं की अंधारातही जमा होणारा विद्युतप्रवाह दुप्पट होतो. जानेवारीत गच्चीवर 11-12 अंश होते, एप्रिलच्या त्या रात्री 27. म्हणजे दोनदा दुप्पट, वर थोडंसं. शिवाय मृगात माझ्या इवल्या चौकटीतही ठळक ताऱ्यांची गर्दी असते, तिथे ठिपक्यांना कोण विचारतो. भोवरा दीर्घिकेच्या आसपास बरे तारे हातावर मोजण्याइतके. निवडणुकीत खरे मतदार कमी आणि बोगस जास्त, तर निकाल कुणाच्या बाजूनं लागणार?

उपाय सगळ्यांना माहीत असतो, मलाही होता: डार्क फ्रेम्स. दुर्बिणीला झाकण लावायचं, तेवढ्याच सेकंदांच्या, तेवढ्याच गेनच्या (कॅमेऱ्याची संवेदनशीलता कितीवर ठेवली ते), तेवढ्याच तापमानाच्या वीस-पंचवीस फ्रेम्स घ्यायच्या, त्यांची सरासरी करून प्रत्येक खऱ्या फ्रेममधून वजा करायची. हिवाळ्यात त्यांच्यावाचून भागलं, म्हणून मी आळस केला. दोष प्रोग्रॅमचा नव्हताच. पण मला त्याचं वागणं खटकलं: त्यानं कशाला तारा मानलं हे दाखवण्याची काही सोयच त्यात नव्हती. डोळे मिटून "साठपैकी साठ" म्हणत राहिला. आमच्या पेशात अशा कारकुनाला लबाड म्हणत नाहीत, पण त्याच्या भरवशावर सहीही करत नाहीत.

मग वही पुन्हा उघडली आणि या वेळी चित्रांकडे न बघता एकच रकाना तपासला. फ्रेम घेतली तर कशाच्या आधारावर घेतली, आणि नाकारली तर का, हे कोण सांगतं?

त्या एप्रिलच्या साठ फ्रेम्स जशाच्या तशा शार्पकॅपला घातल्या. त्यात लाइव्ह स्टॅकच्या खिडकीत ओळीनं पानं आहेत. त्यांतल्या एकावर सापडलेल्या ताऱ्यांभोवती चौकटी काढून दाखवण्याची खूण आहे. ती केल्याबरोबर पडद्यावर चौकटीच चौकटी, आणि निम्म्याहून जास्त चौकटींत तारा नव्हताच, ठिपका होता. बघा, हा पुरावा! मग डार्क फाइल निवडली. ठिपके गेले, त्यांच्याभोवतीच्या चौकटी गेल्या, उरल्या त्या खऱ्या ताऱ्यांभोवतीच्या. शिवाय तारा म्हणायला किमान किती रुंद ठिपका हवा आणि कमाल किती, हेही तिथे ठरवता येतं. एका पिक्सेलच्या टोकदार ठिपक्याला त्यानंच बाहेर ठेवता येतं. दुसऱ्या पानावर प्रत्येक फ्रेममधल्या ताऱ्यांच्या सरासरी रुंदीचा आलेख चालू असतो, आणि आपण घातलेल्या मर्यादेच्या वर गेलेली फ्रेम बाहेर जाते. टिचकी आणि ढिला फोकस तिथे पकडले गेले. तिसरं पान उजेडाचं, ढगासाठी. आणि शेवटी एक साधी नोंदवही: अमुक वाजता अमुक फ्रेम, जुळली, अमुक वाजता अमुक फ्रेम, जुळली नाही, तारे कमी. ती नोंदवही पाहिली आणि मला माहेरी आल्यासारखं वाटलं.

शार्पकॅप सोपं नाही हे सांगितलंच पाहिजे. पहिल्यांदा उघडलं तर विमानाच्या कॉकपिटमध्ये बसल्यासारखं होतं. सगळ्या सोयी फुकट मिळत नाहीत. प्रो आवृत्तीसाठी वार्षिक परवाना घ्यावा लागतो. मी घेतला, आणि निम्मे पैसे तर एकट्या ध्रुव संरेखनासाठी, म्हणजे माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे नेमका रोखण्यासाठी, वसूल झाले. पुण्यात ध्रुवतारा क्षितिजापासून अवघ्या साडेअठरा अंशांवर. आमच्या गच्चीवरून तो नेमका शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीआड. पण या सोयीला खुद्द ध्रुवतारा दिसावा लागत नाही, ध्रुवाजवळचा चार-पाच अंशांतला मोकळा तुकडा दिसला तरी चालतो, आणि टाकीच्या वर तेवढा आहे. माउंट नीट लागलं की फ्रेम्स कमी सरकतात, फ्रेम्स कमी सरकल्या की कडा कमी कापल्या जातात. युरोपातल्या शिकवण्यांमध्ये ध्रुवतारा बराच वर असतो, त्यांना टाक्यांचा त्रास काय कळणार.

याच प्रोग्रॅमचे लेखक रॉबिन ग्लोव्हर यांनी मांडलेलं एक गणितही माझ्या कामी आलं. शहरात आकाशाची स्वतःची चमक इतकी असते की काही सेकंदांतच तिचा गोंगाट कॅमेऱ्याच्या गोंगाटाला गिळून टाकतो. त्यापुढे एकेक फ्रेम आणखी लांबवण्यात फारसा अर्थ उरत नाही. आकाश किती काळोखं आहे हे सांगणाऱ्या बोर्टल मापात आमच्या आकाशाला लोक आठ गुण देतात. या मापात नऊ म्हणजे सगळ्यात वाईट. मला आधी वाटायचं, मिनिटाभराच्या फ्रेम्स घेता येत नाहीत म्हणून माझं सगळं उणं. आता दहा सेकंदांचं वाईट वाटत नाही.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भोवऱ्याला पुन्हा बोलावलं आणि सासूबाईंनाही. "पुसलेलं असेल तर आधीच सांग," असं म्हणत त्या आल्या. 36 फ्रेम्स, सहा मिनिटं. तिसऱ्या मिनिटाला दोन मऊ गाभे दिसले, एक मोठा, एक छोटा. पाचव्याला मोठ्याभोवती वळण उमटलं. सहाव्याला तो हात छोट्या दीर्घिकेच्या दिशेनं जाताना दिसायला लागला. रंग वगैरे नाही, राखाडीच, कडेला शहराच्या उजेडाचा पिवळट ओघळ. पण हात होते. सासूबाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"हे आत्ता वर आहे? इथे?"

"इथेच, आई. टाकीच्या वर."

त्या टाकीकडे बघत राहिल्या. मग बोट पडद्याच्या कोपऱ्यावर ठेवून म्हणाल्या, "आणि हे काय लिहिलंय? सात नाकारल्या. का नाकारल्या?"

मी नोंदवही उघडून दाखवली. पाच ताऱ्यांची रुंदी वाढली म्हणून. तेव्हा काकांचा नातू माउंटजवळ उड्या मारत होता. दोन वेळा तारे कमी पडले. ढगाची चिंधी गेली असावी. नातवाला समज मिळाली.

मधल्या काळात आमच्या गटातला एक मित्र सीस्टार घेऊन गच्चीवर आला होता. 50 मिलिमीटरची, बुटाच्या खोक्याएवढी यंत्रदुर्बीण. तिपाईवर ठेवली, फोनवर नाव निवडलं, ती स्वतः वळली, स्वतः फोकस केला, दहा-दहा सेकंदांच्या फ्रेम्स जुळवायलाही लागली. मी अजून माझ्या वायरी सोडवत होते. कुणी आज नव्यानं सुरुवात करत असेल आणि त्याला फक्त बघायचं असेल, तर त्यानं तेच घ्यावं, मी माझ्या वाटेनं या म्हणणार नाही. ज्यांच्याकडे झेडडब्ल्यूओचा कॅमेरा आहे आणि पाहुण्यांपुरतंच काम आहे, त्यांना एएसआय लाइव्ह पुरे. मीही घाईच्या वेळी तेच उघडते, चंद्राच्या शेजारी एखादा ताऱ्यांचा गुच्छ पटकन दाखवायचा असेल तर. मॅकवाल्या मित्राचं जॉक्युलर मला आजही आवडतं, विशेषतः नाकारलेलं परत घेण्याची त्यातली उदार वृत्ती.

डार्क फ्रेम्सचा प्रश्न मात्र उरला होता. दर वेळी पाहुणे उभे असताना झाकण लावून चार मिनिटं काळं बघत बसायचं, हे जमत नाही. तापमानागणिक डार्क्सचा साठा हवा. उन्हाळ्याचे घरात बसूनच झाले, पंखा बंद करून. हिवाळ्याचे राहिले. जूनमध्ये पाऊस लागला, दुर्बीण सिलिका जेलच्या पुड्यांसकट कपाटात गेली, आणि मी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फ्रिजमध्ये ठेवला. चालू कॅमेरा स्वतःच थोडा तापतो, त्यामुळे फ्रिजमध्ये त्याचं तापमान हिवाळ्यातल्या रात्रीच्या जवळपास जाऊन थांबतं. वायर दाराच्या रबरातून बाहेर, लॅपटॉप ओट्यावर.

सासूबाई कोथिंबीर काढायला आल्या. वायर बघितली, दार उघडायला हात पुढे केला आणि मध्येच थांबल्या.

"आत्ता उघडलं तर नाकारेल का गं ते?"

"नाकारणार नाही, आई. पण चित्र बिघडेल."

"मग किती वेळ?"

"अजून अकरा फ्रेम्स."

त्या ओट्याशी स्टूल ओढून बसल्या आणि आकडा बघत राहिल्या.